देवदार सर आणि विहिरीतलं मॉस

वसमतच्या आमच्या कॉलेजात पोरं मला देवदार सर म्हणतात. विजयकुमार हे नाव फक्त हजेरीपटावर. हिमालयातल्या सूचिपर्णी झाडांवर मी सात वर्षं घासून पीएचडी केली. त्यासाठी दोनदा हिमाचलात जाऊन आलो आणि येताना चीड, कैल असल्या झाडांचे शंकू पोतंभर घेऊन आलो. ते आमच्या बैठकीतल्या काचेच्या कपाटात मांडलेले आहेत. देवदाराचा शंकू झाडावरच सुटा होतो, हाती लागतं ते त्याचं टोक, तेही आहे. घरी हळदीचा व्यापारी जरी आला तरी ते कपाट दाखवल्याशिवाय मी त्याला चहा पाजत नसे.

आता हिंगोली जिल्ह्यात देवदार कुठून येणार? कॉलेजच्या फाटकाशी मोरपंखीची दोन धुळकट झुडपं आहेत, तेवढाच माझ्या विषयाचा इथला पसारा. पण बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला एक धडा असतो, पाइन आणि मॉस यांची तुलना. तो तास मी वर्षभर राखून ठेवल्यासारखा घ्यायचो. पाइनबद्दल बोलताना हात वर जायचा, आवाज वर जायचा. मॉस आलं की मी करंगळीचं नख दाखवायचो. "याला खरं मूळ नाही, पाणी वर नेणाऱ्या नळ्या नाहीत, बी नाही. ओल संपली की मान टाकतं." पोरं हसायची. गावाकडं सगळ्या हिरव्या बुळबुळीत गोष्टीला शेवाळच म्हणतात. शेवाळ निराळं आणि मॉस निराळं, एवढं सांगून मी तो विषय मिटवायचो.

पुनम माझी बायको. तीही बॉटनीचीच. परभणीला शेवटच्या वर्षाला असताना आमचं लग्न जमलं. परीक्षा तिनं लग्नानंतर दिली आणि पहिल्या वर्गात पास झाली. पुढं पोरीची शाळा, माझी आई, माझी पीएचडी. माझ्या प्रबंधातल्या सगळ्या आकृत्या तिनं काढल्या आहेत. तिचा हात फार स्वच्छ आहे. एका रेषेवर दुसरी रेष ती कधी काढत नाही.

मागच्या श्रावणात तिच्या वडिलांचं, किसनरावांचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ती महिनाभर साखऱ्याला जाऊन राहिली. त्यांच्या शेताला लागून जळबा खंडागळे यांचं शेत आहे आणि त्यात एक जुनी, पायऱ्यांची दगडी विहीर आहे. पुनम लहानपणी तिथं पोहायला शिकलेली. वडिलांच्या डोळ्यांत थेंब टाकायचे, भाकरी करायची आणि मधल्या वेळात विहिरीच्या पायरीवर जाऊन बसायचं, असा तिचा दिवस जायचा. जाताना माझं जुनं भिंग तिनं पिशवीत टाकून नेलं होतं, ते मला माहीतही नव्हतं.

एका रविवारी मी तिला भेटायला गेलो तर तिनं वहीचं एक पान माझ्यापुढं धरलं. पेन्सिलीनं काढलेलं मॉस होतं.

"हे कोणतं असंल?" तिनं विचारलं.

"फ्युनारिया," मी शेंगदाणे सोलत म्हणालो. पान नीट पाहिलंही नाही.

"न्हाई वाटत. ह्याची पानं दोनच ओळींत हायेत, मोराच्या पिसावानी. आणि पानाला खिसा हाय."

"काय आहे?"

"खिसा. बुडाशी पान दुहेरी हाय, त्यात वरच्या पानाचं बूड बसतंय. भिंगातून बघा की."

मी किसनरावांकडं वळलो. "मामा, ऐकलं का? पानाला खिसा. उद्या बटणं पण सापडतील."

किसनराव हसले. डोळ्यावर हिरवी पट्टी असलेला माणूस जावयापुढं दुसरं काय करणार? पुनम हसली नाही. तिनं पान वहीत ठेवलं.

घरी आल्यावर माझ्या कपाटातलं एक जुनं नियतकालिक तिनं शोधून काढलं. त्यात मॉसवर एक लेख होता, पुण्याच्या एका संशोधन संस्थेतल्या डॉ. करुणा खंदारे यांचा, आणि खाली त्यांचा ईमेल. पुनमला स्वतःचा ईमेल नव्हता. ती म्हणाली, "तुमच्यावरून पाठवता का? आकृत्यांचे चार फोटो आणि मी लिहिलेल्या चार ओळी, एवढंच हाय." मी पाठवले. खरं सांगायचं तर उत्तर येणारच नाही या खात्रीनं पाठवले. माझा स्वतःचा एक लेख त्या संस्थेकडं गेला होता तेव्हा दोन ओळींत परत आला होता.

उत्तर चौथ्या दिवशी आलं. मी स्टाफरूममध्ये वाचलं.

"पुनमताई, आकृत्या फार सुंदर आहेत. हे फिसिडेन्स आहे. तुम्ही 'खिसा' हा शब्द वापरलात तो मला इतका आवडला की मी तो आता वर्गात वापरणार. या गटाची तीच पहिली ओळख. जात नक्की करायला नमुने लागतील, कागदाच्या पाकिटात वाळवून पाठवा. आपल्या भागातून हा गट कुणी नोंदवल्याचं माझ्या पाहण्यात नाही. मी मूळची आखाडा बाळापूरची आहे, त्यामुळं जास्तच आनंद झाला."

पोटात काहीतरी आंबट वर आलं. मला आधी वाटलं सकाळचा वडापाव बाधला. गोळी घेतली. संध्याकाळी पुनमनं ते पत्र तीनदा वाचलं, आईला वाचून दाखवलं, आणि तेव्हा पुन्हा तसंच झालं. मग मला कळलं की हे वडापावचं नाही.

फिसिडेन्सच्या पानाचा तो दुहेरी भाग मी एम.एस्सी.ला शिकलो होतो. विसरलो होतो, एवढंच. पण ज्या गोष्टीवर मी सासऱ्यापुढं हसलो ती माझ्याच पुस्तकात छापलेली निघाली, आणि ते तिला माहीत होतं. ती एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

नमुने गेले. सप्टेंबरमध्ये आमच्या विभागाच्या मंडळाचं उद्घाटन होतं. प्राचार्यांच्या कानावर गोष्ट गेली होती. ते म्हणाले, "या वेळी तुलनेचा धडा दोघं मिळून घ्या. पाइन तुम्ही, मॉस मॅडम." मी हसून होकार दिला. मला वाटलं, लोकांना फरक कळेल तरी.

मी चाळीस मिनिटं बोललो. पडद्यावर बर्फ, दऱ्या, देवदारांची राई. टाळ्या पडल्या. मग पुनम उभी राहिली. सुरुवातीलाच तिनं हातातला कागद टेबलावर ठेवून दिला.

"आपण फरकच सांगतो नेहमी," ती म्हणाली. "मी आधी सारखं काय ते सांगते. दोघांनाही फूल येत नाही. दोघांनाही फळ येत नाही. आणि दोघांच्याही आयुष्यात दोन पिढ्या असतात. एक पिढी पाइनमध्ये इतकी बारीक असते की शंकूच्या आत लपून राहते, डोळ्याला दिसत नाही. मॉसमध्ये तीच पिढी हिरवीगार होऊन बाहेर बसलेली असते. आपण ज्याला मॉस म्हणतो ते तीच. पाइनला वारा पुरतो. मॉसला मात्र पाण्याचा एक थेंब लागतो, त्याशिवाय त्याचं पुढचं काही होत नाही. पण तो थेंब साखऱ्याच्या विहिरीत आहे, त्यासाठी लांब जावं लागत नाही."

बारा मिनिटांत ती खाली बसली. नंतर तिनं थाळीत ओलं मॉस मांडलं, शेजारी दोन भिंगं ठेवली. पोरींची रांग लागली. "दिसला! खिसा दिसला!" असे आवाज येऊन राहिले होते. माझे शंकू पलीकडच्या टेबलावर होते. एक-दोघांनी हात लावून पाहिले.

सपना नावाची पहिल्या वर्षाची एक हुशार पोरगी आहे. तिनं अगदी भोळेपणानं विचारलं, "सर, तुम्ही देवदार किती वेळा पाहिला?"

"दोनदा."

"आणि मॅडम, तुम्ही हे?"

"महिनाभर रोज," पुनम म्हणाली.

कुणी हसलं नाही. पण मला सबंध सभागृह हसल्यासारखं वाटलं. घरी येताना मोटारसायकलवर मागं बसून ती बोलत होती, कोण काय म्हणालं, कुणी काय विचारलं. मी म्हणालो, "हेल्मेटमधून ऐकू येत नाही."

आठ दिवसांनी डॉक्टर खंदारेंचं दुसरं पत्र आलं. पुण्यात ऑक्टोबरमध्ये मॉसवर दहा दिवसांची कार्यशाळा होती, फक्त बारा जणांची. पुनमनं यावं, राहायची व्यवस्था संस्था करेल, आणि एके दिवशी तिनं आकृत्या कशा काढते ते इतरांना दाखवावं. "शिकायला या आणि शिकवायलाही या," असं लिहिलं होतं.

मी ते पत्र बंद केलं. पुन्हा उघडलं. मला माझ्या आयुष्यात कुणी 'शिकवायला या' म्हणून पत्र लिहिलं नव्हतं. दोन दिवस मी घरात वावरलो, जेवलो, आईच्या गोळ्या आणल्या, आणि पुनमला सांगितलं नाही. ती रोज विचारायची, "काही आलं का हो पुण्याहून?" मी म्हणायचो, "लोकांना कामं असतात."

तिसऱ्या दिवशी मी कॉलेजात बसून उत्तर लिहिलं. "सासूबाई आजारी असल्यामुळे मला येणे शक्य होणार नाही. क्षमस्व. आपली, पुनम." पाठवताना बोट थांबलं होतं, हे खरं आहे. पण थांबून पुन्हा दाबलं, हेही खरंच. त्यावर खंदारेंनी "काळजी घ्या, पुन्हा कधीतरी" असं लिहिलं, तेही मी पुसून टाकलं.

ऑक्टोबर गेला. पुनमनं विचारणं कमी केलं. एकदा भांडी घासता घासता म्हणाली, "आपलं काही चुकलं असंल नमुन्यात." मी वर्तमानपत्रात तोंड घालून बसलो. तिला वाईट वाटून राहिलं होतं आणि मला आतून, सांगायलाही लाज वाटते, थोडं बरं वाटून राहिलं होतं.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी आठच्या सुमाराला दारात रिक्षा थांबली. पन्नाशीच्या एक बाई उतरल्या, साधी कॉटनची साडी, पाठीवर सॅक.

"पुनमताई इथंच राहतात ना? मी करुणा खंदारे. पाकिटावर तुमचा पत्ता होता. भावाकडं बाळापूरला आले होते, म्हटलं भेटूनच जावं."

पुनम पिठाच्या हातानं तशीच बाहेर आली. हात कुठं पुसावेत तिला कळेना. बाई हसत आत आल्या, काचेच्या कपाटाकडं त्यांनी एकदा पाहिलं आणि कोपऱ्यात मेथी निवडत बसलेल्या माझ्या आईकडं वळल्या.

"मावशी, आता तब्येत कशी आहे?"

आईनं मेथीची काडी खाली ठेवली. माझी आई रुख्मिणीबाई, वय बहात्तर, अजून रोज बाजारापर्यंत चालत जाते.

"मला काय झालंय? मी तर ठणठणीत हाये."

"अहो, ताईंनी लिहिलं होतं. तुम्ही आजारी म्हणून त्यांना पुण्याला येता आलं नाही."

"पुण्याला?" पुनम म्हणाली.

खंदारेंनी फोन काढला, पत्र शोधलं आणि तिच्यापुढं धरलं. पुनमनं ते वाचलं. मग वर बोट सरकवून त्याच्या आधीचं, बोलावण्याचं, वाचलं. तिला घाई नव्हती. मी दारापाशी उभा होतो.

"हे मी लिहिलेलं न्हाई," ती म्हणाली आणि फोन परत दिला.

त्या क्षणी खोटं बोलायला जागा होती. ईमेल हॅक झाला म्हणता आलं असतं. आमच्या कॉलेजात असं झालेलंही आहे. ते वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. पण आई माझ्याकडं बघत होती.

"मी लिहिलं," मी म्हणालो.

खंदारे बाईंनी फोन सॅकमध्ये टाकला. त्या पुनमकडं वळल्या. "ताई, विहीर दाखवता का? माझ्याकडं आजचा दिवस आहे."

"चला," पुनम म्हणाली. मग माझ्याकडं न बघता, "कार काढा."

वसमत ते साखरा तीन तासांचा रस्ता. त्या दोघी मागं बसल्या आणि मी ड्रायव्हरसारखा पुढं. औंढा मागं पडल्यावर त्यांच्या गप्पा सुरू झाल्या, कोणत्या मॉसची पानं वाळल्यावर आत वळतात, कोणत्याची पिळवटतात. मी आरशात बघायचो. पुनमच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी कधी पाहिलं नव्हतं, आणि ते बघूनही मला लाज वाटायच्या आधी तीच जुनी आंबट कळ आली. माणूस पकडला गेला म्हणून सुधारतो असं काही नसतं.

पुनमनं फोन केल्यामुळं विहिरीवर जळबा वाट बघत होते. त्यांनी पायऱ्यांवरचं गवत काढून ठेवलं होतं, पण कडेच्या दगडांना हात लावला नव्हता.

"ताई, येत्या उन्हाळ्यात मी हिला आतून शिमिट मारणार व्हतो," जळबा पुनमला म्हणाले. "तुमी सांगितलं म्हून थांबलो. काय हाय तरी काय ह्या हिरव्यात?"

"दादा, या ना खाली, दाखवते," खंदारे म्हणाल्या. जळबा चपला काढून उतरले. थोड्या वेळानं खालून त्यांचा आवाज आला, "आयला! पिसारा हाय की हो बराबर!"

मला कुणी खाली बोलावलं नाही. मी काठावर त्यांची सॅक धरून उभा राहिलो. पाणी बरंच खाली होतं. चौथ्या पायरीवर त्या दोघी गुडघे टेकून दगडाला नाक लावून बसल्या होत्या, आणि मध्येच हसत होत्या. भोवती तूर फुलावर आलेली. मी सहा हजार फुटांवर देवदाराखाली उभा राहिलो होतो तेव्हा वर बघून माझी मान दुखली होती, पण शेजारी बोलायला कुणी नव्हतं. ते मला तिथं आठवलं.

संध्याकाळी बाईंना बाळापूरला त्यांच्या भावाकडं सोडलं. उतरताना त्या पुनमला म्हणाल्या, "जानेवारीत पुढची तुकडी आहे. या वेळी मी फोन करीन. तुमच्या फोनवर."

बाळापूर सोडल्यावर पुनम पुढच्या सीटवर येऊन बसली. सूर्य मावळायला आला होता, उसाच्या ट्रॅक्टरमागं गाडी हळू चालली होती.

"काहून केलं?" तिनं विचारलं.

मी बरीच उत्तरं जुळवली. शेवटी म्हणालो, "हेवा वाटला."

"माझा?"

"हो. मी सात वर्षं घालवून जे झालं नाही ते तुझं महिन्यात झालं. तेही नखाएवढ्या मॉसवर."

तिनं खिडकीची काच वर केली. "तुमाला वाईट वाटून राहिलं हे मला त्या दिवशीच कळलं व्हतं, कॉलेजातून येताना. मी म्हटलं, जाईल. जळतं माणसाला, मला पण जळायचं. तुमी हिमाचलला गेले तेव्हा मी ताप आलेलं लेकरू घेऊन बसले व्हते, आणि तुमचे फोटो येऊन राहिले व्हते बर्फातले. मग मी काय केलं? तुमच्या आकृत्या काढल्या." तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "जळा की. पण माझ्या नावानं लिहिलं तुमी. आणि आत्याला आजारी पाडलं. मी दोन महिने म्हणून राहिले, माझं काही चुकलं असंल."

"माफ कर."

"आज न्हाई," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सपनाला बोलावून तिनं स्वतःचा ईमेल काढून घेतला. महिनाभर ती माझ्याशी कामापुरतं बोलली. आई तर तेवढंही नाही, पुढ्यात ताट ठेवायची आणि म्हणायची, "आजारी बाईच्या हातचं हाय, सांभाळून खा." जानेवारीत पुनम पुण्याला गेली. मी तिला स्टँडवर सोडायला गेलो, बॅग वर ठेवली. खिडकीतून तिनं आईच्या गोळ्यांच्या वेळा सांगितल्या, आणि गाडी सुटली. त्या दहा दिवसांत मी खंदारे बाईंना माझ्या नावानं एक पत्र लिहिलं, काय केलं आणि का केलं ते सगळं. त्यांचं उत्तर एका ओळीचं आलं: "हे मला नाही, त्यांना सांगायचं आहे." तिला मी सांगितलेलं होतं. पण परत आल्यावर पुन्हा सांगितलं, गाडी चालवत नसताना, तिच्याकडं बघून. तिनं ऐकून घेतलं. "बरं," म्हणाली. तिनं माफ केलं की नाही ते मला आजही नक्की सांगता येणार नाही, पण त्यानंतर ती मला नमुने दाखवायला लागली.

या जूनमध्ये तिचा आणि खंदारेंचा मिळून त्या विहिरीतल्या मॉसवर एक छोटा लेख छापायला गेला. छपाईआधी तपासायची प्रत आली तेव्हा पुनम म्हणाली, "एकदा डोळ्याखालून घाला. माझं वाचून वाचून पाठ झालंय, चूक दिसायची न्हाई."

मी वाचलं. पहिल्या पानावर तिचं नाव. वाचता वाचता तिसऱ्या पानावर थांबलो. रोपाची उंची सहा सेंटिमीटर छापली होती. सहा मिलिमीटर हवी. दहा पट. जगातला कुणीही मॉसवाला ते बघून हसला असता.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? एवढा आनंद झाला की मी उठून अंगणात गेलो. प्रत दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत परत पाठवायची होती. मी काही न बोलता बसलो असतो तर कुणालाच कळलं नसतं. या वेळी कुणाच्या नावानं काही लिहायचंही नव्हतं, फक्त गप्प राहायचं होतं. मी त्या दिवशी दोन तास घेतले, प्रयोगशाळेत गेलो, मोरपंखीच्या झुडपांना पाइप लावला, आणि दिवसभर ते सहा सेंटिमीटर माझ्याबरोबर फिरत राहिले.

चार वाजता घरी आलो. पुनम लॅपटॉपपुढं बसली होती.

"तिसऱ्या पानावर बघ," मी म्हणालो. "उंची. सेंटिमीटर पडलंय."

तिनं पाहिलं. "अगं बाई!" दोन्ही हात तोंडावर. मग भराभर दुरुस्ती टाइप केली आणि खुर्चीत मागं टेकून श्वास सोडला. "केवढी फजिती झाली असती. अजून कुठं हाय का?"

"नाही. मी दोनदा वाचलं."

"बाकी कसं हाय?"

तिनं सहज विचारलं होतं. 'ठीक आहे' म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"मला असं लिहिता आलं नसतं," मी म्हणालो. म्हणताना घशाशी तेच आंबट होतं. ते गिळून म्हणालो.

पुनमनं माझ्याकडं पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं. मग ती लॅपटॉपकडं वळली आणि शेजारची खुर्ची पायानं थोडी बाहेर सरकवली. "बसा. चौथ्या आकृतीत बाणाची जागा चुकली वाटते मला. बघा बरं."